खानापूर भागातलं जुनं कौलारू घर विकत घ्यायचं असेल तर

जुनं घर मे महिन्यात बघायला जाऊ नका. हे मी सगळ्यात आधी सांगतोय कारण आमच्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सगळे सुट्टीत गावाला येतात, आंब्याफणसाचे दिवस असतात, सोप्यात (पुढच्या ओसरीत) बसलं की गार वारा लागतोय, कुणीतरी कोकम सरबत आणून देतंय आणि तिथंच बसल्या बसल्या व्यवहार ठरतोय. मेमध्ये कुठलंही कौलारू घर चांगलंच दिसतंय. तेच घर आषाढात बघा, सलग तीन दिवस झड लागून गेली की चौथ्या दिवशी सकाळी जावा, तेव्हा घर स्वतःच सगळं सांगतंय.

आम्ही चार वर्षांपूर्वी जांबोटी रोडच्या बाजूला एका गावात असं घर घेतलं. मातीच्या भिंती, खाली जांभ्याचं जोतं, सागवानी खांब, मंगळुरी कौलं, मागं परसू आणि आड. तेव्हापासून बेळगाव, पुणे, गोवा कुठनं कुठनं ओळखीचे लोक विचारतात की कसं बघितलंस, कागद कसे केलेस, किती खर्च आला, म्हणून आता एकदाच सगळं लिहितोय. खर्चाचं प्रत्येक घराचं वेगळं असतंय, ते सोडा. बघायचं कसं आणि घ्यायचं कसं तेवढं सांगतो.

जाताना मोठी टॉर्च, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि एक लहान हातोडी घ्या, आणि जमलं तर गावातलाच म्हातारा सुतार बरोबर घ्या, त्याला चहापाणी आणि दिवसाची मजुरी द्या, ते पैसे कधीच वाया जात नाहीत. पहिल्यांदा माळ्यावर चढा. टॉर्च बंद करून पाच मिनिटं नुसतं वर बघत थांबा, डोळे अंधाराला सरावले की कौलांतनं कुठं कुठं उजेड येतोय ते ठिपके दिसायला लागतात. त्यातले बरेच काही मोठे नसतात, वानरं उड्या मारून गेली की कौल सरकतंय, ते जागेवर बसवलं की झालं. खरं काम त्यानंतर, टॉर्च लावून वाशांवर ओघळ शोधा. काळा वाळलेला ओघळ म्हणजे जुनं दुखणं, कदाचित बरं झालेलं. बोटाला ओलं लागलं तर आजचं. आणि दोन पाखी (छपराचे उतार) जिथं मिळतात ती पन्हळ नक्की बघा, घर एल आकाराचं असेल किंवा मागं नंतर कुणी पत्र्याचं स्वयंपाकघर जोडलेलं असेल तर नव्वद टक्के गळती तिथंच असते असा माझा अनुभव आहे.

एक कौल काढून उलटं करून बघा. जुन्या कौलांवर बासेल मिशनचा शिक्का असतोय आणि त्यात १८६५ असं साल असतंय. घरमालक मोठ्या अभिमानानं दाखवतात की हे बघा, १८६५ सालचं घर. त्यांना तसं मनापासून वाटत असतंय, खरं ते साल मंगळुरात त्या मिशनऱ्यांनी कौलांचा कारखाना काढला त्याचं आहे, कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेलं असू शकतंय. घराच्या वयाचा अंदाज कौलावरनं लावू नका आणि त्यापायी जास्त पैसे देऊ नका. कौलं बदलायची वेळ आलीच तर हिशोब सोपा आहे, शंभर चौरस फुटाला साधारण १४० ते १५० मंगळुरी कौलं लागतात. खानापूर हा मातीकामाचाच गाव, कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा तिथं आहे, त्यामुळं कौलं कशी भाजतात हे कळणारी माणसं आजूबाजूला मिळतात. जुनी चांगली कौलं मात्र टाकू नका, बोटानं वाजवा, खणखणीत आवाज आला तर अजून तुमच्या नातवापर्यंत टिकतील.

मग खांब. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण आम्ही इथंच चुकणार होतो. आमच्या सोप्यात चार खांब आहेत, वर नक्षी, हात फिरवला तर रेशमासारखा गुळगुळीत, आणि आम्ही सगळे वरच बघत होतो. बरोबरचा सुतारमामा मात्र सरळ खाली बसला. त्यानं हातोडीनं खांब वरनं खाली वाजवत आणला, ठण ठण ठण, आणि तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) वर वीतभर आला तेव्हा आवाज एकदम भद्द झाला. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसतं दाबलं तर तो दोन इंच आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. म्हणाला, "वरनं बघून काय करतायसा ओ, खांब खालनं मरतोय." चारातले दोन खांब तसे निघाले. कारण काय, मधल्या काळात कुणीतरी सोप्यात सिमेंटचा कोबा केला होता आणि तळखडा त्यात निम्मा गाडला गेला होता, पूर्वी दगडावर उभा असलेला खांब आता ओल्या सिमेंटमध्ये पाय रोवून उभा होता. त्याची दुरुस्ती होते, जॅक लावून तुळई उचलतात, खांबाचा कुजलेला भाग कापून खाली उंच दगड बसवतात किंवा तेवढाच नवा तुकडा सांधतात, आमच्याकडे दोन दिवसांचं काम झालं. पण ते आधी कळलं म्हणून भावात धरता आलं. तसंच वाशांची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं आणि दाराच्या उंबऱ्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, वाळवी तिथनंच सुरुवात करते.

भिंतींचं म्हणाल तर मातीची भिंत किंवा जांभ्याची चुन्यातली भिंत ही ओल पिते आणि बाहेर सोडते, वर्षानुवर्षं तिचं तसंच चाललेलं असतंय. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला किंवा ऑइलपेंट लावला की ओल आत अडकते, मग ती वर चढते, भिंतीला लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, पोपडे निघतात आणि मालक परत त्यावर सिमेंट मारतो. खोलीत नुकताच रंग दिलेला असेल आणि तोही फक्त खालच्या तीन-चार फुटांत, तर तिथं हात लावा, नखानं खरवडा, पांढरी भुकटी आली की समजायचं. विकायच्या आधी रंग देणं हा काही गुन्हा नाही, लग्नाच्या घरालापण देतात, तुम्ही तेवढं खरवडून बघा म्हणजे झालं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो, कॉट्सवोल्ड म्हणून भाग आहे त्याच्या जवळ, तिथं मधाच्या रंगाच्या दगडाची जुनी कॉटेजं आहेत, तो मला विकायला निघालेल्यांचे फोटो पाठवत असतो. खाली वाकलेल्या तुळया, भलीमोठी चूल, बुटकी दारं, बघून आमच्या आईला वाटलं आपल्या आजोळचंच घर. त्याच्याकडनं मला दोन गोष्टी कळल्या आणि त्या इथं तंतोतंत लागू पडतात. एक म्हणजे तिथं जुनं घर घेणारा माणूस आधी स्वतःच्या खर्चानं सर्व्हेअर लावतो, तो छप्पर, लाकूड, ओल सगळं बघून रिपोर्ट लिहून देतो आणि मग भावाचं बोलणं पुढं जातं. दुसरी म्हणजे तिथंसुद्धा चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावून लोकांनी घरं नासवली आणि आता परत चुन्याचे कारागीर शोधत फिरतात. तिथं अशी बरीच घरं जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत घेतलेली असतात, यादीतल्या घराला आतनं बाहेरनं लक्षात येण्यासारखा बदल करायचा तर कौन्सिलची परवानगी लागते, आणि आधीच्या मालकानं न विचारता काही पाडलं-बांधलं असेल तर ते निस्तरायची वेळ नवीन मालकावर येऊ शकते. आपल्या गावातल्या घरांना असं कुणी विचारणारं नाही. इथं निम्मी घरं लाकडाचे व्यापारी घेतात, आठ दिवसांत खांब-तुळया-दारं उतरवून ट्रक भरून नेतात आणि मागं मातीचा ढीग राहतो. मला हे बघवत नाही, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

निपाणी, चिकोडी, अथणीकडचं घर बघत असाल तर तिथं बहुतेक कौल नसतंय, माळवद असतंय, मातीचं सपाट धाबं. तिथं पाऊस कमी, त्यामुळं तपासायचं वेगळं, धाब्यावर उभं राहून कुठं खोलगट झालंय ते बघा, पाणी बाहेर जायची पन्हळी तुंबलीय का बघा, आणि खालनं कडीपाट (छताच्या कड्या-फळ्या) वाकलाय का ते दोरी ताणून बघा. मी त्या भागात घर घेतलेलं नाही त्यामुळं त्याच्यात जास्त शिरत नाही.

आता कागद. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत हे पहिलं विचारायचं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूवरचा (पंचायतीतल्या मिळकतींच्या सरकारी पोर्टलवरचा) फॉर्म ९ आणि ११ए मागा, त्यावर मालकाचं नाव, लांबी-रुंदी, चतुःसीमा सगळं असतंय. ११बी (नियमात न बसणाऱ्या मिळकतींचा फॉर्म) निघाला तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सिटी सर्व्हे झालेल्या हद्दीत असेल तर सीटीएस नंबरचं प्रॉपर्टी कार्ड लागतंय. कागदावरची लांबी-रुंदी टेप धरून प्रत्यक्ष मोजा, जुन्या घरात शेजाऱ्याची न्हाणी तुमच्या परसात दोन फूट आलेली असणं किंवा तुमची वळचण त्याच्या अंगणात पडणं हे घरोघरी असतंय, त्यात भांडण नसतंय, खरं तुम्ही नवीन माणूस म्हणून आलात की ते भांडण होऊ शकतंय. आड सामाईक आहे का, परसाला जायची वाट कुणाच्या दारावरनं आहे, मधली भिंत कुणाची, हे तीन प्रश्न शेजाऱ्यालाच विचारा, मालकाला नको.

ईसी काढा, म्हणजे घरावर काय व्यवहार, बोजे नोंदलेत त्याचा दाखला (एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट). नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन मिळते पण ती एप्रिल २००४ नंतरच्या नोंदींची, त्याच्या आधीचं सब रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करून शोधून घ्यावं लागतंय, आणि जुन्या घराची खरी गोष्ट बहुतेक वेळा २००४ च्या आधीच असते. फॉर्म १५ मिळाला म्हणजे काहीतरी व्यवहार नोंदलेले आहेत, ते एकेक वाचा, सोसायटीचा बोजा चढलेला असतोय आणि कर्ज फिटलं तरी उतरवलेला नसतोय. फॉर्म १६ म्हणजे त्या काळात काही नोंद नाही.

भाषेचं एक आहे, आणि ते सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल. आपली घरं १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी मुंबई राज्यात होती. त्यामुळं जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांची खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत, मोडी लिपीत नाहीतर देवनागरीत सापडतात, आणि आताचे सगळे दाखले कन्नडमध्ये. दोन्ही वाचायला माणूस लागतो आणि दोन्ही वाचलेच पाहिजेत. आमच्या घराच्या पेटीत मोडीतलं एक वाटणीपत्र होतं, मालकालाच माहीत नव्हतं त्यात काय आहे, जुना कागद म्हणून देवघरात ठेवून हळदकुंकू वाहत होते. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी अर्ध्या तासात वाचून सांगितलं की परसातली चिंच आणि तिच्या पलीकडची जागा धाकट्या भावाच्या वाटणीची. म्हणजे आम्हाला दाखवत होते त्यातला एक तुकडा त्यांचा नव्हताच. कुणाची लबाडी नव्हती, दोन पिढ्यांत कुणी वाचलंच नव्हतं. कन्नड येत नसेल तरी निदान पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के हे चार शब्द ओळखायला शिका, त्यांच्यापुढं कुणाकुणाची नावं आहेत ते कुणाकडनं तरी मोठ्यानं वाचून घ्या आणि अंगणात उभं राहून ती नावं शेजाऱ्यांशी जुळवा. आणि वाचणारा माणूस विकणाऱ्याचा नको, तुमचा हवा.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते वारसांपायी. घर कागदावर थोरल्या भावाच्या नावानं असतंय, तो म्हणतो मीच मालक, पण ते वडिलार्जित असेल तर भाऊ आणि बहिणी दोघांचा हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. तरी अजून गावात म्हणतात "बहिणींचं काय, त्या सही करतील की." करतील, पण करेपर्यंत तुम्ही पैसे देऊ नका. आमच्या वेळी पाच भावंडांच्या सह्या झाल्या आणि एक आत्या राहिली, म्हापशाला दिलेली, वय ऐंशीच्या पुढं. तिला न विचारता कागद करूया असं बाँड रायटरनं (दस्त लिहून देणाऱ्यानं) सुचवलं. आम्ही नको म्हणालो आणि मी आणि माझी बायको गाडी काढून म्हापशाला गेलो. त्या म्हातारीनं आधी पैशाचं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं की चुलीच्या वरची फळी आहे का अजून, त्यावर तिच्या आईचं लोणच्याचं भांडं असायचं. फळी होती. आम्ही फोनवर फोटो दाखवला, ती बराच वेळ बघत बसली, आणि मग म्हणाली येते मी खानापूरला, सही माझ्या हातानंच करते. तिला तिचा हिस्सा पण मिळाला, हे मी मुद्दाम सांगतो, नुसत्या भावनेवर बहिणींची हक्कसोडपत्रं घेणाऱ्यांचा मला राग आहे.

त्यामुळं माझा सल्ला असा की घर आषाढात एकदा बघा आणि दुसऱ्यांदा गणपतीत जावा. गणपतीला सगळे भाऊबंद मूळ घरी येतात, पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, बहिणीपण येऊन जातात. कोण कोण वारस आहे, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुणाला घर विकायचंच नाहीये, हे तुम्हाला एका संध्याकाळी आरतीनंतर कळतंय, ते वकिलाला सहा महिन्यांत कळत नाही. तेव्हा भावाचं मात्र बोलू नका, सणाला घर विकायचं बोलणं कुणाला आवडत नाही, नुसती ओळख करून घ्या. देवाचं पण तेव्हाच विचारा. देवघरातले टाक ते नेणार का, वर्षातनं एकदा दिवा लावायला यायची त्यांची इच्छा आहे का. आम्ही दसऱ्याला त्यांना दार उघडं ठेवतो, ते येतात, जेवून जातात.

बेळगाव शहरातला जुना वाडा घेत असाल, शहापूर, वडगाव किंवा गल्ल्यांतला, तर आत भाडेकरू किती वर्षांचे आहेत ते बघा, रिकामा करून देतो या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि कॅम्पमधले ते मोठ्या आवाराचे, कौलारू, व्हरांड्याचे बंगले बघून जीव टाकणारे पुष्कळ आहेत, मी पण टाकलाय. कॅम्प म्हणजे लष्कराचं कँटोन्मेंट, ते १८३२ पासूनचं आहे, त्यातल्या कित्येक बंगल्यांची जमीन ओल्ड ग्रँटची असते म्हणजे जमीन सरकारची आणि त्यावरची इमारत तेवढी माणसाची. त्यांच्या खरेदीला, दुरुस्तीला वेगळी परवानगी लागते, त्यातला जाणकार वकील मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

संचकार (विसार) देताना रक्कम लहान ठेवा, संचकारपत्र रजिस्टर करा आणि त्यात सगळ्या वारसांची नावं, मुदत आणि घरातल्या कुठल्या वस्तू घराबरोबर येणार ते लिहा. शेवटचं हसू नका, दारं, झोपाळ्याच्या कड्या, जातं, माळ्याचा जिना हे सगळं लिहा, नाहीतर ताबा घेताना झोपाळा गेलेला असतो. कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी ऑगस्ट २०२५ च्या शेवटी १ टक्क्यावरनं २ टक्के केली, म्हणजे सगळं धरून साडेसात टक्क्यांच्या थोडं वर जातंय. ते बाजूला ठेवूनच बजेट करा. नंतर पंचायतीत नाव बदलणं आणि हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मीटर नावावर करणं ही दोन कामं लगेच करा.

घर ताब्यात आलं की पहिल्या वर्षी छप्पर आणि पाणी सोडून कशाला हात लावू नका. फरशी, मॉड्युलर किचन, दिवे सगळं थांबू दे. एप्रिलमध्ये शाकारणी करा, म्हणजे कौलं सगळी उतरवून, साफ करून, कुजलेल्या रिपा बदलून परत बसवायची, उन्हाळ्याच्या शेवटाला माणसं मिळत नाहीत कारण सगळ्या गावाची शाकारणी एकदम निघते. वळचणीचं पाणी जोत्याला लागून न पडता दोन-तीन हात लांब पडेल असं करा आणि ते वाहून जायला चर काढा, घराभोवती सिमेंटचा पट्टा मात्र घालू नका. मग वायरिंग, जुन्या लाकडी पट्टीवरची वायरिंग काढून सगळी नवीन. मग संडास-बाथरूम, ते मूळ घराच्या भिंतीला न चिकटवता थोडं बाजूला बांधलेलं बरं. गिलाव्याला चुना वापरा, गवंडी सुरुवातीला नको म्हणतील, चुना सावकाश धरतो, त्यांना दोन कामं सोडून तिथं थांबावं लागतंय, रोज थोडी मजुरी जास्त द्या आणि करून घ्या. सोप्यातला कोबा आम्ही फोडला. खाली जुनी मुरूम-मातीची जमीन जशीच्या तशी होती, आता तिथं शहाबादी फरशी मातीतच बसवलीय, सांधे चुन्यानं भरलेत.

आणि घर बंद ठेवू नका. बंद कौलारू घर दोन पावसाळ्यांत बसतंय. आम्हाला रोज राहायला जमत नाही, म्हणून किल्ली पलीकडच्या काकूंकडे असते. त्या आठवड्यातनं दोनदा दारं-खिडक्या उघडतात, चूल पेटवतात, त्याच्यावर स्वतःचं पाणी तापवून नेतात, तो धूर वाशांना लागला की किडा वाळवी लांब राहते. त्यांची लाकडं आमच्याकडनं, आणि पावसाळ्यात मोठी झड लागली की रात्री त्यांचाच फोन येतो की माळ्यावर बघून आले, काही गळत नाही, झोपा.